छपरी पलंगाची मापे

"छपरी पलंग करायला घ्यायचा आहे," असे मी कारखान्यात सांगितले तेव्हा आमच्याकडची दोन तरुण पोरे एकमेकांकडे बघून फिसकन हसली. त्यांच्या पिढीत छपरी हा शब्द पलंगाला लागत नाही. केस रंगवून, दुचाकीचा आवाज करत गल्लीतून जाणाऱ्याला लागतो. चार कोपऱ्यांवर चार उंच खांब, खांबांच्या माथ्यावर लाकडाची चौकट, चौकटीवर कापडाचे छत आणि चारी बाजूंनी सोडलेली मच्छरदाणी, अशा पलंगाला आपल्याकडे छपरी पलंग म्हणत आले आहेत, हे समजावून सांगितल्यावर त्यांतल्या एकाने विचारले, की घराला छप्पर असताना पलंगाला आणखी छप्पर कशाला. प्रश्न थट्टेचा होता, पण पुढचे चार महिने मी निरनिराळ्या अंगांनी त्याच प्रश्नापाशी येत राहिलो, म्हणून तो लक्षात राहिला.

काम सांगायला आलेल्या काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, कोथरूडला राहणाऱ्या. त्यांच्या आईचे वय ८६, आणि आईचे माहेर गोव्यात, फोंड्याजवळच्या एका गावात. टेबलावरचा भुसा त्यांनी आधी फुंकरीने उडवला, मग पर्समधून एक लिफाफा काढला आणि त्यातला पोस्टकार्डाएवढा तपकिरी फोटो माझ्यासमोर ठेवला. फोटोत त्यांचे पणजोबा पलंगाच्या खांबावर हात ठेवून उभे होते आणि पणजी पलंगाच्या कडेवर बसली होती. पलंग इतका उंच, की पणजीच्या पायांखाली लाकडी पाट ठेवलेला असूनही तिच्या एकाच पायाचा अंगठा पाटाला टेकला होता. मच्छरदाणी गुंडाळून खांबाला बांधलेली दिसत होती. "अहो, आईला आता तिच्या माहेरच्या पलंगावर झोपू दे, एवढंच माझ्या मनात आहे," काकू म्हणाल्या, "पैशांचं आपण बोलू, पण पलंग हाच हवा."

मूळ पलंग कुठे आहे, हे मी साहजिकच विचारले. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा तो विकला गेला होता. जुने सामान घेणारा कोणी माणूस खांब, उशाकडची नक्षीची फळी आणि दोन्ही बाजूंच्या गाती घेऊन गेला. पायथ्याकडची फळी मात्र एका टोकाला वाळवीने खाल्लेली असल्यामुळे मागे राहिली आणि पुढे सरपणाच्या खोलीत आडोसा म्हणून उभी करण्यात आली. गात म्हणजे पलंगाच्या किंवा बाजेच्या चौकटीचे लाकूड. हा शब्द आता आमच्या धंद्यातही मागे पडत चालला आहे, आणि नवे कारागीर सरसकट साइड पट्टी म्हणतात.

जुन्या पद्धतीचे फर्निचर हवे म्हणणारी माणसे माझ्याकडे महिन्याला एक-दोन तरी येतात. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये कुठल्या तरी हॉटेलातल्या किंवा मालिकेतल्या पलंगाचा फोटो असतो आणि त्यांना त्यातल्यापेक्षा जास्त नक्षी हवी असते. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने ती नक्षी आता एका दुपारीत कोरून मिळते, त्यामुळे जास्त म्हणजे चांगली, अशी समजूत पसरली आहे. यंत्राची नक्षी पाहिली की मला पापडावरच्या छापाची आठवण येते. सगळीकडे सारखीच खोल आणि कुठेच हात थांबलेला नाही. म्हणून या कामात निदान एक खरी फळी हातात येणार होती, याचाच मला जास्त आनंद झाला आणि मी दोन दिवस काढून फोंड्याला गेलो.

ती फळी मी अंगणात उन्हात आणून ठेवली आणि ओल्या फडक्याने पुसली. वर्षानुवर्षांच्या धुरकट थराखालून शिसवीचा तो जांभळट काळा रंग वर आला. वाळवीने जे खाल्ले होते ते एका कडेचे दोन बोटे रुंदीचे पांढरे लाकूड होते. शिसवीच्या झाडाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण सालीलगतचा पांढरा भाग ती आवडीने खाते. मूळ कारागिराने लाकूड वाचवण्यासाठी तेवढी पांढरी कड फळीत राहू दिली होती आणि बहुधा काळा रंग देऊन ती झाकली होती. शंभराहून अधिक वर्षांनंतर त्याची ही लबाडी उघडी पडली, पण तिच्यामुळेच फळी विकली गेली नाही आणि माझ्यापर्यंत पोहोचली, हेही खरे.

फळीच्या मागच्या बाजूला रंधा फिरवलेला नव्हता. तिथे करवतीचे ओरखडे सरळ, पण एकमेकांशी थोडे तिरके असे दिसत होते, म्हणजे ओंडका दोन माणसांनी वर-खाली ओढायच्या मोठ्या करवतीने चिरलेला होता. गोल फिरणाऱ्या यंत्रकरवतीने चिरला असता तर ओरखडे कमानीसारखे वळले असते. दुसरा पुरावा एका स्क्रूने दिला. वरच्या पट्टीत जाम झालेला एक स्क्रू मी तेल सोडून, दुपारभर थांबून बाहेर काढला, तर त्याचे टोक अणकुचीदार निघाले. जुने स्क्रू टोकाशी बोथट असत आणि त्यांच्यासाठी आधी पूर्ण खोल भोक पाडावे लागे. अणकुचीदार टोकाचे स्क्रू १८४०च्या दशकाच्या अखेरीपासून यंत्रावर तयार होऊ लागले. तो स्क्रू नंतरच्या एखाद्या दुरुस्तीतला नसेल, तर पलंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा. घरात सांगितली जाणारी तीनशे वर्षांची गोष्ट यात बसत नव्हती, पण ते मी कोणाला बोललो नाही.

नक्षीही तेच सांगत होती. पोर्तुगीज गोव्यात आले ते १५१० साली, आणि सुरुवातीच्या दोन शतकांतले तिथले उत्तम लाकूडकाम हस्तिदंताच्या जडावाचे, पिळाच्या खांबांचे आहे. या फळीवर त्याचा मागमूस नव्हता. तिच्यावर मधोमध एक शिंपला, दोन्ही बाजूंना वळत गेलेली पाने आणि कडेने एक उथळ खोबण होती. एकोणिसाव्या शतकात मुंबईला शिसवीचे भरगच्च कोरीव फर्निचर मोठ्या प्रमाणावर होत असे, युरोपीय आणि पारशी घरांत ते भरलेले असे, आणि हा सगळा वळणावळणाचा थाट त्याच वाऱ्याचा होता. गोव्यातल्या कारागिराने तो आपल्या हिशेबाने हलका करून घेतला होता. परतताना मी दक्षिण गोव्यातल्या चांदोरला वाट वाकडी करून ब्रागांझा घराण्याच्या घरातले खांबी पलंग पाहून आलो. शिंपल्यांच्या तावदानांतून येणाऱ्या दुधी उजेडात ते काळे पलंग असे दिसतात, की माणूस नकळत हळू बोलायला लागतो. तिथे माप घेऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मी फक्त आपल्या कमरेशी, छातीशी आणि डोक्याशी कुठला भाग येतो ते मनात धरून बाहेर येऊन वहीत उतरवले. हा आमचा जुना उपाय आहे.

या प्रवासात एक गंमत मनात घोळत होती. सुताराच्या पिशवीतली बिजागरी पोर्तुगीजांकडून मराठीत आली, हे पुष्कळांना ठाऊक असते, पण साध्या खाटेला पोर्तुगीज भाषेत असलेला 'कात्रे' हा शब्द त्यांनी मल्याळममधल्या 'कट्टिल'वरून उचलला, आणि पालखीसाठी त्यांनी युरोपभर पोहोचवलेल्या शब्दाचे मूळ आपल्या पलंगाशी जाऊन भिडते. झोपायची वस्तू आपण त्यांना दिली आणि दाराची बिजागरी त्यांनी आपल्याला दिली, असा हा व्यवहार दिसतो.

पुण्यात आल्यावर खरा पेच सुरू झाला. पायथ्याच्या फळीची दोन खांबांमधली रुंदी चार फूट एक इंच होती. काकूंना पाच फूट बाय साडेसहा फुटांची गादी हवी होती, कारण रात्री आईजवळ कोणी तरी झोपावे लागते. रुंदी जवळजवळ एक फुटाने वाढली की उंचीही त्याच प्रमाणात वाढायला हवी, नाही तर पलंग बुटका आणि फताडा दिसतो. पण फोटोवरून हिशेब केला तर मूळ खांब सव्वासात फुटांच्या आसपास होते आणि काकूंच्या खोलीचे छत साडेनऊ फुटांवर, त्यात मधोमध पंखा. पंख्याची पाती आणि पलंगाची चौकट यांत हात वर करून गादी झटकण्याइतकी तरी जागा हवी. म्हणजे वर जायला वाव नव्हता. अशा वेळी डोळ्याला फसवावे लागते: खांबाचा खालचा भाग किंचित जाड घ्यायचा, वरचा भाग माथ्याकडे निमुळता करत न्यायचा आणि पायथ्याची फळी जरा खाली ठेवायची, म्हणजे तेच सव्वासात फूट आठ फुटांसारखे भासतात. मूळ खांबांची जाडी फळीच्या कुसवांवरून, म्हणजे खांबाच्या भोकात बसणाऱ्या तिच्या टोकांवरून, आणि फोटोवरून सव्वातीन इंच निघत होती. मी चौकोनी भाग पावणेचार इंचांचा धरला.

उंचीचा दुसरा प्रश्न झोपण्याच्या पातळीचा होता. मूळ पलंगावर गादीचा पृष्ठभाग जमिनीपासून सव्वादोन फुटांवर असणार. हा थाट केवळ मिरवण्यासाठी नव्हता. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत पावसाळ्यात जमिनीला ओल येते, सरपटणारे प्राणी येतात, आणि खिडकीची चौकट जिथे सुरू होते तिथे वारा लागतो. माणूस खिडकीच्या उंचीवर झोपला तर रात्र सुसह्य होते. पलंगाखाली ट्रंका आणि नारळ राहतात, हा वरचा फायदा. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर यांतले एकही कारण लागू नव्हते, आणि ८६ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांनी कुरकुरणाऱ्या बाईला सव्वादोन फूट चढायला लावणे हा छळ झाला असता. पाय जमिनीला पूर्ण टेकून उठता यायचे तर गादीचा पृष्ठभाग एकोणीस इंचांच्या वर जाता कामा नये.

हे आठ इंच कमी करायचे कुठून, यावर माझे आठ दिवस गेले. सगळा पलंग खाली दाबला तर गातीच्या खालचा पाय आखूड होऊन कांद्यासारखा दिसतो. गात अरुंद केली तर खांब डुगडुगतात, कारण उंच खांबाला तोलून धरणारी तीच आहे. शेवटी गादी गातीच्या आत बुडवायची ठरवले. गात आठ इंच रुंद ठेवली, तिचा वरचा काठ सोळा इंचांवर आला, आतल्या बाजूने लाकडी पट्ट्या तेरा इंचांवर बसवल्या आणि सहा इंचांची गादी त्यांवर ठेवली की तीन इंच आत आणि तीन इंच बाहेर. पूर्वीच्या पलंगावर नवार असे आणि तिच्यावर कापसाची तीन-चार इंची गादी. आजच्या दहा-दहा इंची गाद्या जुन्या घाटाच्या पलंगावर टाकल्या की उशाची निम्मी नक्षी त्यांच्या मागे बुडते, हे दुकानदार सांगत नाहीत. काकूंना सहा इंचांवर राजी करण्यासाठी मला एक चित्र काढून दाखवावे लागले.

राहिली मच्छरदाणी. खांब उभे राहिले तेच मुळी तिच्यासाठी. डासांतून हिवताप पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादमध्ये सापडला तो ऑगस्ट १८९७ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक जाळीत झोपत होते, केवळ चावे आणि गुणगुण टाळण्यासाठी. रोगराईपायी ओस पडत गेलेले जुने गोवे हे राजधानीचे शहर ज्या मुलखाच्या आठवणीत होते, त्या मुलखात पलंगाला जाळी नसणे हाच वेडेपणा ठरला असता. पण पुण्यातल्या फ्लॅटला खिडक्यांनाच जाळ्या होत्या, भिंतीत खोचायचे औषध होते, आणि वर कापडाचे छत टाकले तर पंख्याचा वारा खाली आला नसता. तेव्हा खांब राहतील, माथ्याची चौकट राहील, छत आणि मच्छरदाणी राहणार नाही, असा निर्णय मी काकूंच्या संमतीने घेतला. चौकटीला मच्छरदाणी अडकवायचे आकडे ठेवायचे कारणच उरले नाही.

खांबाचा घाट फोटोवरून काढायचा होता. फोटो मोठा करून घेतला, प्लायवूडचा फर्मा कापला आणि आमच्या कातारीकाकांकडे आंब्याच्या स्वस्त लाकडाचा एक नमुना कातायला दिला. कातारीकाका मूळचे सावंतवाडीचे, चितारआळीत लाखकामाचे पाळण्याचे खांब आणि खेळणी कातत वाढलेले. त्यांच्या लेथवर चार फुटांपलीकडचे लाकूड बसत नाही, म्हणून खांब दोन तुकड्यांत कातून, त्यावर कातलेल्या गोल मण्याखाली सांधायचा होता. सांधा मण्याच्या सावलीत लपतो, ही युक्ती फार जुनी आहे. माथ्यापासून चार बोटे खाली, फोटोत मच्छरदाणीची गाठ होती तिच्या कडेला, एक बारीक काळी रेघ दिसत होती. मी तिथे अरुंद गळा आखला. कातारीकाका म्हणाले, "हा कशाला? निमुळता खांब सरळ जाऊ दे की. उगाच नाजूक होतो." त्यांचे म्हणणे पटण्यासारखे होते, पण लांब सरळ उतारावर नजर घसरून जाते आणि तिला कुठे तरी थांबा हवा असतो, म्हणून मी तो ठेवला.

नमुना घेऊन मी कोथरूडला गेलो. आजी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. काकूंनी मोठ्या उत्साहाने सांगितले, की आई, हा तुझ्या माहेरच्या पलंगाचा खांब. आजींनी तो आडवा मांडीवर घेतला आणि मला वाटले होते तसे डोळ्यांत पाणी वगैरे काही आले नाही. त्यांनी अंगठ्याचे नख एका खोबणीत घातले, ते पुरते आत गेले, आणि त्या म्हणाल्या, "हे चुकलंय. इथं नख एवढं जात नव्हतं."

"फोटोत खोल दिसतंय, आजी," मी म्हणालो.

"फोटो राहू दे. दर शनिवारी पुसायचं काम माझं होतं. काडीला चिंधी गुंडाळून खोबणीतनं फिरवायची. एवढी खोल असती तर माझा जीव गेला असता पुसताना."

"पण तू झोपायचीस ना त्याच्यावर?" काकूंनी विचारले.

"आम्ही कशाला झोपतोय? पलंग आजोबांचा. आम्ही सगळ्या खाली चटईवर."

"पणजीसुद्धा?"

"आजीसुद्धा. फोटोपुरती बसवली असेल तिला. पाय बघ तिचे."

काकूंनी फोटो हातात घेतला. मीही वाकून पाहिले. पाटाला एकाच पायाचा अंगठा टेकलेला आणि दुसरा पाय अधांतरी. दोन्ही तळवे गादीच्या कडेवर घट्ट दाबलेले, जसे बैलगाडीत नव्याने बसलेले माणूस दाबते. इतके दिवस मी हा फोटो भिंगाखाली धरून खांबाची जाडी मोजत होतो, आणि तो पलंग तिच्या सवयीचा नव्हता, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. काकू थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी मला विचारले, की आता काय करायचे. आजी म्हणाल्या, "करायचं काय? सांगितलंय तर करू दे. फक्त पुसायला सोपा करा, आता बाई येते ती काडी-चिंधी करणार नाही."

घरी येऊन वही उघडली. पायथ्याच्या फळीवरच्या खोबणीची खोली मी स्वतः लिहून ठेवली होती: दीड सूत, म्हणजे इंचाचा पाचवा हिस्साही नाही. खांब आणि फळी एकाच माणसाच्या हातची, तर खोबणीही एकाच स्वभावाच्या असणार, हे मला सुचायला हवे होते. जुन्या फोटोत सावली गडद उतरते आणि गडद म्हणजे खोल असा डोळा अर्थ लावतो. माझ्या डोळ्यानेही लावला. आजींच्या नखाचे माप वहीतल्या मापाशी जुळले. फर्मा पुन्हा कापला, सगळ्या खोबणी उथळ आणि गोल तळाच्या केल्या, आणि खांब एकदम शांत झाला. मूळ कारागिराला पुसणाऱ्यांची दया आली असेल असे मी म्हणत नाही. कठीण लाकडात खोल जायला वेळ लागतो, हेच त्याचे कारण असेल.

लाकूड पाहताना मात्र तडजोड केली नाही. शिसव महाग, आणि आता कागदपत्रांशिवाय हात लावू नये अशी. वखारीतून वाहतुकीच्या परवान्यासह आणली. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या साऱ्या गोतावळ्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याच्या कक्षेत आला; दहा किलोंच्या आतल्या तयार मालाला पुढे सवलत मिळाली, पण काकूंच्या कॅनडातल्या भावाला त्याच लाकडाचे एक मेज हवे होते, ते त्या सवलतीत बसण्यासारखे नव्हते आणि त्याने तो नाद सोडला. शिसव सागवानाच्या दुपटीने कठीण आणि तिचे तंतू आळीपाळीने उलटसुलट वळलेले असतात, त्यामुळे रंधा एका दिशेने गुळगुळीत जातो आणि चार बोटांवर लाकूड उचकटतो. तिच्या रंध्रांत खडूसारखे कण असतात, ते पात्याची धार खातात. उशाच्या फळीवर शेवटी रंधा बाजूला ठेवून फुटलेल्या काचेच्या धारेने खरवडले, जसे माझे आजोबा करत. जांभळा भुसा घामावर बसून गळा आठवडाभर खाजत राहिला.

उशाच्या फळीचे दिले, म्हणजे चौकटीत बसणाऱ्या आतल्या फळ्या, चौकटीच्या खाचांत नुसते सरकवून ठेवले, गोंद लावला नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये लाकूड आकसते आणि जुलैमध्ये फुगते; त्याला हलायला जागा दिली नाही तर ते स्वतःच तडा पाडून जागा करून घेते. शिंपला आणि पाने कोरायला अकरा दिवस लागले. पॉलिश चपडी लाखेचे, स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने, वीस-बावीस हात. पाऊस सुरू व्हायच्या आत उरकले, कारण हवेत दमटपणा आला की लाखेवर पांढरी झाक चढते.

आमचे सगळे सामान लिफ्टमध्ये मावत नाही, हे ठरलेलेच असते. पण हा पलंग मुळातच सुटा होणारा होता, जसे त्या काळचे मोठे पलंग असत. गातीच्या टोकाला आखूड कुसू, ते खांबाच्या भोकात बसते, आणि आरपार एक लांब बोल्ट ते ओढून धरतो. बोल्टचे डोके बाहेर दिसू नये म्हणून त्यावर फिरते पितळी फूल. चौघांनी खांब खांद्यावर घेऊन जिना चढताना वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी दार उघडून काळजीने विचारले, की कोणाकडे मांडव आहे.

दोन तासांत पलंग उभा राहिला. आजी आल्या, बसल्या, दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. त्यांनी हाताने गात चाचपली, मग मान वर करून चौकटीकडे पाहिले आणि विचारले, "मच्छरदाणी कुठाय?"

मी खिडक्यांच्या जाळ्या दाखवल्या, भिंतीतले औषध दाखवले, पंख्याच्या वाऱ्याचे कारण सांगितले. त्यांनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले. "त्या औषधाचा मला खोकला होतो," त्या म्हणाल्या, "आणि जाळीला तिथं भोक आहे. खांब केलेत चार, मग मच्छरदाणी का नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. काकू माझ्याकडे पाहून हसू दाबत होत्या. मी म्हणालो, चौकटीत चार पितळी आकडे बसवून देतो, चार दिवसांत येतो.

पॉलिश झालेल्या शिसवीत, तेही डोक्याच्या वर, भोके पाडायची म्हणजे पोटात गोळा येतो. एक जरा घसरले की बावीस हातांचे पॉलिश खरवडून काढायचे. बाजारातून बारीक नळीचे आकडे आणले, दोन मिलिमीटरचे नवे ड्रिल घेतले, टेप, मेण आणि पॉलिशचा बोळा घेऊन शनिवारी सकाळी गेलो. दार काकूंनी उघडले आणि मला सरळ खोलीत नेले.

मच्छरदाणी लागलेली होती. आजींनी खुर्चीत बसून सांगितले होते आणि काकूंनी स्टुलावर चढून बांधली होती. चार कोपऱ्यांना जुन्या सुती साडीचे काठ फाडून केलेल्या नाड्या होत्या, आणि प्रत्येक नाडी माथ्यापासून चार बोटे खाली, कातारीकाकांना नको असलेल्या त्या अरुंद गळ्यात दोन वेढे घेऊन बसली होती. मी एक नाडी बोटाने खाली ओढून पाहिली. ती मण्यावर अडली आणि जागची हलली नाही.

"आकडे कशाला?" जाळीच्या आतून आजी म्हणाल्या. "ती जागा त्याच्यासाठीच असते." मी आकड्यांची पुडी पुन्हा खिशात घातली.